साखळीवाला एमिल

“त्या पोरीच्या बाजूनं घुस. तिथं फाटक उघडंच आहे.”

एल्क फोर्कचे प्रशिक्षक आपल्या धावपटूच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला समजावत होते. त्यांच्यापासून चार हातांवर एमिल डुशेक नारिंगी काठी धरून उभा होता. त्याने शब्दन् शब्द ऐकला, पण नजर मैदानावरून हलवली नाही. मनात मात्र तो म्हणाला, जा बाबा, घुसून बघ.

पोरगा घुसला. पुढच्याच क्षणाला त्या कोपऱ्यातून ट्रकचं मागचं फळकूट आदळावं तसा आवाज आला. धावपटू पाठीवर पडून आभाळ बघत होता आणि त्याच्या अंगावरून टेगन लिंडग्रेन उठत होती. हेल्मेटखालून तिची वेणी बाहेर आली होती. ती तिने परत आत खोचली, दोन बोटं गवताला पुसली आणि आपल्या जागी जाऊन वाकून उभी राहिली. प्रशिक्षकांनी खिशातून च्युइंगम काढून तोंडात टाकला.

एमिलने काठी सरळ धरली. त्याला बोलायची परवानगीच नव्हती.

बत्तीस वर्षं तो लिडा गावच्या शाळेच्या सामन्यांना साखळी धरत होता. या खेळाचं नाव फुटबॉल असलं तरी पाय चेंडूपेक्षा माणसांच्या बरगड्यांनाच जास्त लागतो. चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्यांच्या भिंतीतून वाट काढायची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये साखळी. पुढची काठी रोलंड बेनेशकडे असे, मागची एमिलकडे. एमिलकडे आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे एक चिमटा. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. नवी मोजणी सुरू झाली की काठ्या रोवायच्या, साखळी ताणायची आणि साखळीची जी कडी जवळच्या रेघेवर येईल तिला चिमटा लावायचा. मग खेळाडू अंगावर आले, काठ्या पडल्या, साखळीचा गुंता झाला तरी बिघडत नाही. चिमटा पुन्हा रेघेवर ठेवला की सगळं जागच्या जागी येतं. बघायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या चिमट्याचा पत्ताही नव्हता, आणि एमिलला ते बरंच वाटे.

साखळीवाले उभे राहतात ते पाहुण्या संघाच्या बाजूला. अशी पद्धतच आहे. त्यामुळे जन्मभर लिडात राहिलेल्या एमिलने लिडाचा प्रत्येक सामना परक्यांच्या गोटात उभा राहून पाहिला होता. दर सामन्याआधी पंच येत आणि तेच तीन नियम सांगत. ओरडायचं नाही. खेळाडूंशी बोलायचं नाही. पोरं अंगावर आली तर काठ्या टाकून मागे सरायचं. एमिलला हे नियम जड वाटत नसत. एरवीही तो फारसा बोलत नसे. गावच्या धान्यकोठारावर तो काटा बघायचा, म्हणजे भरलेला ट्रक लोखंडी फळीवर चढला की वजन लिहायचं, रिकामा परत आला की पुन्हा लिहायचं. या कामाला बोलावं लागत नाही, फक्त नीट बघावं लागतं. नेब्रास्काच्या त्या भागात ‘डुशेकच्या काट्यासारखं’ असं लोक म्हणत, ते खरेपणासाठी. एमिलला ते माहीत होतं आणि आतून त्याचा त्याला अभिमानही होता. बायको इर्माला सोडून हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं.

आणि याच एमिलने ऑगस्टमध्ये, हॉटेलातल्या सकाळच्या कॉफीला, सगळ्यांदेखत सांगितलं होतं की मुलीला संघात घेऊ नये.

त्या वर्षी शाळेत सगळी मिळून चव्वेचाळीस मुलं होती. एवढ्या लहान शाळा आठ-आठ जणांचाच फुटबॉल खेळतात. पण प्रशिक्षक हाइन यांच्याकडे नऊच मुलगे आले, आणि त्यातल्या एकाचा खांदा पहिल्याच आठवड्यात निखळला. पुढच्या वर्षी शाळा शेजारच्या गावाच्या शाळेत मिळवायची हे ठरलेलं होतं. म्हणजे लिडाच्या नावाने फुटबॉल खेळला जाण्याचं हे शेवटचं वर्ष, आणि तेही संघाशिवाय जातं की काय अशी वेळ आली. तेव्हा टेगन लिंडग्रेन आईबापांच्या सहीचा कागद घेऊन हाइन यांच्या खोलीत गेली. ती गोळाफेक करायची, घरची गुरं सांभाळायची, आणि तिच्या वर्गातल्या मुलांना ती कितवीपर्यंत कुस्तीत लोळवत होती हे ती मुलं सांगत नसत.

“पोरगी पडली की सगळे धावणार, खेळ थांबणार,” एमिल म्हणाला होता. “मुलगे तिला धरायला बिचकणार. मग हा खेळ राहतो कुठं? त्यापेक्षा यंदा संघच नको.”

“नऊचे आठ झालेत, एमिल,” हाइन म्हणाले. “आणखी एक पडला की तुझी साखळी गळ्यात घालून फिर.”

सगळे हसले. एमिलने कॉफी संपवली आणि कामावर गेला.

पहिल्या सामन्यात टेगन पाच वेळा आडवी झाली. एमिलने मोजलं होतं. कुणी धावलं नाही, खेळ थांबला नाही, कारण कुणी धावायच्या आत ती उभी राहिलेली असायची. पाहुण्यांच्या बाजूने टोमणे येत होते. “अगं, वेणी सांभाळ.” “आई घ्यायला आली बघ.” एमिल काठी धरून ऐकत होता. तिसऱ्या सामन्यात एक थोराड पोरगा तिच्या अंगावर पडला आणि उठताना म्हणाला, “सॉरी हं, मॅडम.” ती खालूनच म्हणाली, “सॉरी राहू दे, आधी बाजूला हो.” हे एमिलच्या पायाशी घडलं. तो हसला नाही, पण मधल्या विश्रांतीत रोलंडला हे सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या गावकऱ्यांना ती दुरून दिसायची, नंबर चौपन्न. एमिलला ती पंधरा पावलांवरून दिसायची. समोरचा पोरगा तिच्याहून साठ-सत्तर पौंडांनी जड असला तर ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग कमरेकडे. तोंडाकडे कधीच नाही. चेंडू हलला की ती खाली जायची, इतकी खाली की वाटावं घसरलीच, आणि मग तो पोरगा कुठल्या कुठे. एमिलने बत्तीस वर्षांत शेकडो मुलगे पाहिले होते. ताकदीचे होते, चपळ होते, रागीट तर पुष्कळ होते. पण समोरच्याच्या ताकदीशी भांडणच न करणारं कुणी त्याने पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस ती बापाचा मक्याचा ट्रक घेऊन काट्यावर आली, तेव्हा त्याने खिडकीतून विचारलंच.

“हे खाली जायचं तुला हाइननी शिकवलं का?”

“नाही, वासरांनी,” ती म्हणाली. “लस टोचायला धरायचं असतं ना त्यांना. तुम्ही ढकललंत की ती दुप्पट ढकलतात. त्यांच्या पायाखालची जागा घ्यायची फक्त. मग ती आपणच बसतात.”

“आणि भीती?”

“वाटते की. चेंडू हलेपर्यंत वाटते. नंतर वेळ कुठं असतो, मिस्टर डुशेक?”

ट्रक फळीवरून उतरून गेला. एमिल वजन लिहायला वाकला आणि पेन हातात धरून जरा वेळ तसाच बसला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला सतरा वर्षांच्या मुलीचा आदर वाटायला लागला तर त्याने तो कुठे ठेवायचा, हे त्याला कळत नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने इर्माला तिन्ही सामने पुन्हा सांगितले. इर्माने ते स्वतः पाहिले होते.

“हल्ली तू मोजायला जातोस का बघायला?” ती म्हणाली.

“मोजायलाच.”

“नाही, मला वाटलं विचारावं. गेली बत्तीस वर्षं घरी आलास की ‘सामना झाला’ एवढंच म्हणायचास.”

लिडा त्या वर्षी पाच सामने जिंकली. बाद फेरीत जायला एवढे पुरले. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, मळणी अर्धवट टाकून सगळं गाव मैदानावर आलं, कारण एल्क फोर्कविरुद्ध हरलं तर विषय कायमचा संपणार होता.

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा लिडाकडे चोवीस गुण होते, एल्क फोर्ककडे बावीस. चेंडू मात्र एल्क फोर्ककडे होता आणि ते एक-एक यार्ड ओरबाडत पुढे येत होते. लिडाचा आणखी एक मुलगा पायाला बर्फ बांधून बाकावर बसला होता. तो आणि खांदेवाला वगळून मैदानावर आठ आणि बाकावर एकच, तोही सप्टेंबरात भरती झालेला नववीतला, ज्याला हाइन डोळ्यांनीसुद्धा बोलावत नव्हते. टेगनच्या नाकात दुसऱ्या सत्रापासून कापूस होता. शर्टाचा पुढचा भाग वाळलेल्या रक्ताने कडक झाला होता.

पुढच्या प्रयत्नात चेंडू मधून गेला आणि एल्क फोर्कला दहा यार्ड मिळाले. नवी मोजणी. पण टेगनला चेंडूपासून लांब, आडव्या बाजूने, बहात्तर नंबरच्या पोराने धडक दिली होती. तो येताना तिला दिसलाच नव्हता. ती हवेत उचलली गेली आणि गुडघा आधी टेकला, मग बाकीचं अंग.

एमिल पंचांनी पायाने दाखवलेल्या जागी आला आणि त्याने काठी रोवली. तीस यार्डांच्या रेघेपासून जेमतेम यार्डभर. पुढे रोलंडने साखळी ताणली. हात सवयीने जाकिटाच्या खिशात गेला, चिमटा बोटांत आला.

मैदानावर टेगन उठत होती.

ती एका हातावर आली. मग गुडघ्यावर. तो गुडघा तिचा भार घेईना, तेव्हा ती पुन्हा खाली बसली आणि दुसऱ्या पायावर वजन टाकलं. पंच तिच्याकडे वळले होते. त्यांनी शिट्टी वाजवून डॉक्टरांना बोलावलं असतं तर नियमाप्रमाणे तिला एका प्रयत्नापुरतं तरी बाहेर जावं लागलं असतं. हे तिला माहीत होतं, एमिलला माहीत होतं, तिच्या सातही साथीदारांना माहीत होतं. त्या सातांपैकी एकानेही तिला हात दिला नाही. ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे पंचांना वाटावं की काही झालेलंच नाही. टेगन एक पाय रोवून, दोन्ही हातांनी स्वतःचीच मांडी धरून, इंच इंच वर येत होती. पाहुण्यांच्या बाजूला, जिथून सप्टेंबरमध्ये वेणीचे टोमणे आले होते, तिथे कुणी बोलत नव्हतं. ती उभी राहिली. डुलली. वेणी आत खोचली. पंचांकडे बघून मान हलवली आणि लंगडत आपल्या जागी जाऊन वाकली.

एमिल तिच्याकडेच बघत होता. त्याने आयुष्यात बरंच पाहिलं होतं. आईला कर्करोगाने जाताना पाहिलं होतं, गारपिटीने एका तासात उभं पीक झोपताना पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बापाला तिथेच पुन्हा नांगर धरताना पाहिलं होतं. माणूस कशाचा बनलेला असतो याचा अंदाज त्याला होता, असं तो समजत असे. तो अंदाज कमी पडला.

चेंडू हलला. पहिला प्रयत्न, तीन यार्ड. दुसरा, चार. तिसऱ्यात काहीच नाही. चौपन्न नंबरने एकाला खाली घेतलं आणि बाकीचे त्याच्यावर अडखळले. आता चौथा आणि शेवटचा. तीन यार्ड हवे होते. इथे अडवलं तर चेंडू लिडाचा, आणि सामनाही.

एल्क फोर्कच्या धावपटूने चेंडू घेतला आणि तो बाहेरच्या बाजूने, सरळ साखळीच्या दिशेने सुटला. त्याच्यापुढे मोकळं मैदान होतं. टेगन कुठून आली ते एमिलला दिसलं. मधल्या गर्दीतून ती चार पायांवर असल्यासारखी निघाली, उभी राहिली आणि त्या दुखऱ्या पायावर धावायला लागली. ती त्याला गाठेल हे शक्य नव्हतं. तिने गाठलं. शेवटच्या दोन यार्डांत तिने अंग झोकून दिलं, त्याच्या कमरेला मिठी घातली, आणि दोघं मिळून पुढच्या काठीवर, साखळीवर, रोलंडच्या आणि एमिलच्या पायांवर येऊन आदळले. रोलंड काठी टाकून मागे उडाला. तिला बघत नकळत काठीसकट रोलंडपर्यंत सरकलेला एमिल मागे व्हायला विसरला आणि पाठीवर पडला. त्याच्या हातची काठी कुठेतरी गेली.

डोळे उघडले तर हेल्मेटच्या जाळीतून दोन निळे डोळे त्याच्याकडे बघत होते.

“मिस्टर डुशेक, लागलं का तुम्हाला?”

त्याने नाही अशी मान हलवली. खेळाडूंशी बोलायचं नसतं.

पंच धावत आले. त्यांनी चेंडू जिथे थांबला तिथे पाय टेकवून ठेवला आणि दोन्ही हात लांब करून खूण केली, मोजा. दोन्ही बाजूंची माणसं उभी राहिली. बाजूच्या रेघेवरचे पंच, जे एरवी शेजारच्या तालुक्यात दातांचे डॉक्टर होते, ते एमिलजवळ आले. साखळी गवतात गुंतून पडली होती आणि दोन्ही काठ्या दोन दिशांना.

“चला, चिमटा द्या,” ते म्हणाले. “कुठल्या रेघेवर आहे, तिसाच्या ना?”

एमिलने उजवी मूठ उघडली. चिमटा तळहातावर होता. इतका वेळ घट्ट धरल्यामुळे त्याचे दात हाताच्या कातडीत उमटले होते.

डॉक्टर अजून साखळीकडेच बघत होते. त्यांनी हात पाहिला नव्हता. रोलंडने पाहिला. तो साखळी उचलायच्या निमित्ताने वाकला आणि एमिलच्या कानाशी पुटपुटला, “लाव की. सहाव्या-सातव्या कडीला लाव. कोण बघतंय?”

कोणीच बघत नव्हतं, हे खरं होतं. दोन बोटांचं काम. एक कडी पुढे की मागे, हे जगात फक्त एमिलला कळलं असतं, आणि तेही नक्की नाही. पलीकडे सगळं गाव हात जोडून उभं होतं. पायाशी ती मुलगी एका गुडघ्यावर बसून वाट बघत होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. खरी कडी कुठली हे तो शपथेवर सांगू शकला नसता, पण खोटी कडी लावली तर ती खोटी आहे हे मात्र शपथेवर सांगू शकला असता.

“चिमटा लावलेला नाही,” एमिल म्हणाला.

“म्हणजे पडला?”

“नाही. मी लावलाच नव्हता. राहिला माझ्याकडून.”

रोलंडने डोळे मिटले. एल्क फोर्कचे प्रशिक्षक तीन पावलांवर होते. त्यांनी मान वळवून एमिलकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. टेगननेही ऐकलं. ती उठून आपल्या संघाकडे लंगडत गेली.

पंच एकत्र जमले. चिमटा नसला की अंदाजाशिवाय दुसरं काही उरत नाही. मोजणी कुठून सुरू झाली होती ते डॉक्टरांनी आठवून सांगितलं, मुख्य पंचांनी आठवून सांगितलं, आणि दोघांच्या मधली एक जागा ठरली. तिथे काठी रोवून साखळी ताणली. चेंडूचं टोक पुढच्या काठीच्या पलीकडे होतं. बोटभर पलीकडे. पंचांनी हात वर करून एल्क फोर्कची दिशा दाखवली.

पुढच्या तिसऱ्या प्रयत्नात एल्क फोर्कने सहा गुण घेत चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेला. तो नेणाऱ्याच्या पायाला टेगन लोंबकळत होती. लिडाला चेंडू परत मिळाला तेव्हा वीस सेकंद उरली होती, आणि वीस सेकंदांत काही होत नाही.

गाव एमिलला काही बोललं नाही. तेच कठीण होतं. गाड्यांकडे जाताना माणसं मान हलवून पुढे जात होती. हाइन येऊन त्याचा दंड दाबून गेले. इर्मा गाडीत वाट बघत बसली होती.

“रोलंडची बायको म्हणाली, एमिल मूर्ख आहे,” घर येईपर्यंत ती एवढंच बोलली. “मी म्हटलं, ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.”

घरी तिने बटाटे आणि मांस वाढलं. त्याने काट्याने बटाटा फोडला आणि तसाच ठेवला.

“बत्तीस वर्षांत एकदा,” ती म्हणाली. “जेव आता.”

“एकदाच व्हायचं होतं तर दुसऱ्या कुठल्या दिवशी व्हायचं होतं. पोरीनं एवढं केलं आणि माझ्यामुळं,” असं म्हणून तो थांबला. इर्माने त्याला ते वाक्य पुरं करू दिलं नाही. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

सोमवारी हवा कोरडी होती आणि सगळ्यांनी मका काढायची घाई केली. दहा वाजेपर्यंत काट्यापुढे ट्रकांची रांग लागली. लिंडग्रेनचा लाल ट्रक फळीवर चढला तेव्हा एमिलला वाटलं बाप असेल, आणि दोन शब्द ऐकून घ्यायची त्याने तयारी केली. उतरली ती टेगन. नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं, गुडघ्याला आवळलेला पट्टा. एरवी खिडकीतूनच बोलायची, आज ती दार लोटून आत आली.

“शाळा नाही का?” एमिलने विचारलं.

“डॉक्टरकडं जायचंय अकराला. तोवर एक खेप टाकते म्हटलं.” ती भिंतीला टेकून उभी राहिली. “मिस्टर डुशेक, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही सगळ्यात जवळ होतात. मी तर तुमच्यावरच पडले. तो काठीच्या अलीकडं पडला की पलीकडं? खरं काय झालं?”

एमिलने चष्मा काढला. अलीकडे, एवढंच म्हणायचं होतं. आता कुणाचं नुकसान नव्हतं, कुणाचा फायदा नव्हता. सामना संपला होता, संघ संपला होता. ही मुलगी तो एक शब्द घेऊन गेली असती आणि म्हातारी होईपर्यंत तिला तो पुरला असता.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

तिने भिंतीची टेक सोडली.

“बत्तीस वर्षं मी तिथं उभा राहून चेंडू आणि रेघ बघत आलो. दुसरं काही बघितलं नाही. माझं कामच ते. शनिवारी मी चेंडू बघितलाच नाही. त्या बहात्तर नंबरनं तुला पाडलं आणि तू उठायला लागलीस, तेव्हापासून मी तुला बघत होतो. चिमटा त्यामुळं राहिला. आणि तू त्याला धरलंस तेव्हाही मी तुलाच बघत होतो. चेंडू कुठं होता ते मला सांगता यायचं नाही.”

“म्हणजे मी थांबवला असेल किंवा नसेलही.”

“हो.”

टेगनने नाकावरची पट्टी बोटाने चाचपली. बाहेर कुणाचं तरी इंजिन घरघरत होतं.

“पण तू उठलीस ते मी बघितलंय,” एमिल म्हणाला. त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलंय. तसं उठताना मी माझ्या आयुष्यात कुणाला बघितलेलं नाही. ऑगस्टमध्ये मी म्हटलं होतं तुला घेऊ नका. तेव्हा मला काही कळत नव्हतं. हे मी तुझ्या तोंडावर सांगतोय, आणि कुणी विचारलं तर त्यालाही सांगेन.”

तिने गुडघ्याचा पट्टा जरा सैल केला. मग म्हणाली, “डॅडी म्हणाले, म्हातारा काहीतरी गोड बोलून पाठवेल. मी म्हटलं, नाही पाठवणार. म्हणून तर विचारायला आले. दुसऱ्या कुणाला नाही विचारलं.”

“आणि आता?”

“आता काय. नाही कळलं तर नाही कळलं.” ती दाराकडे वळली. “तुमच्या पाठीला बरं आहे ना?”

“आहे.”

ती बाहेर गेली. ट्रकची पायरी उंच होती. तिने दुखरा पाय वर ठेवला, अंग उचललं आणि पुन्हा खाली आली. दांडी बदलून धरली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर पोहोचली आणि कपाळ दाराला टेकवून थांबली. एमिल खुर्चीतून उठला होता, पण दारापर्यंत जाऊन तिथेच उभा राहिला. तिसऱ्या वेळेला तिने दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय आत ठेवला आणि चढून बसली.

मळणीचे दिवस होते, मिनिटभर कुणी अडलं तरी माणसं चिडायची. तिच्यामागे सात ट्रक उभे होते. कुणीही भोंगा वाजवला नाही.